रायतूर: किल्ला, चर्च आणि छापखाना

दक्षिण गोव्यात मडगावच्या ईशान्येला काही किलोमीटरवर, झुआरी नदीच्या काठी रायतूर हे छोटे गाव आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत आणि आजच्या नकाशांवर त्याचे नाव राशोल असे येते. मराठी इतिहासग्रंथांत मात्र ते रायतूरच आहे. गावाचा रस्ता एका दगडी कमानीखालून जातो. ही कमान म्हणजे एका मोठ्या किल्ल्याचा उरलेला दरवाजा. तट पडले, तोफा गेल्या, खंदकाच्या काही खुणा तेवढ्या राहिल्या. कमानीच्या आत गावचे जुने चर्च आहे आणि टेकडीवर भक्कम भिंतींची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारे विद्यालय. या तीन वास्तू एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. साष्टीतली देवळे पाडणारा कप्तान याच किल्ल्याचा होता, आणि मराठीतला ज्ञात असा पहिला छापील ग्रंथही याच गावात तयार झाला. रायतूरचा इतिहास सांगताना यातली एक गोष्ट घेऊन दुसरी सोडता येत नाही.

गावाला महत्त्व आले ते नदीमुळे. झुआरीच्या अलीकडे साष्टी आणि पलीकडे अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा तालुका. साष्टी हे नाव सहासष्ट गावांच्या समूहावरून आले, अशी व्युत्पत्ती सांगतात. नदी हीच सरहद्द असल्यामुळे ती राखण्यासाठी रायतूरला किल्ला होता. तो बहामनी, विजयनगर आणि आदिलशाही अशा राजवटींच्या हातांतून गेला. १५२० मध्ये कृष्णदेवराय आणि इस्माईल आदिलशाह रायचूरला लढत होते. ती संधी साधून पोर्तुगीजांनी गोवा बेटासमोरचा मुलूख ताब्यात घेतला, पण तो त्यांना टिकवता आला नाही. १५४३ मध्ये मात्र इब्राहिम आदिलशाहाने साष्टी आणि बारदेस हे दोन्ही प्रांत त्यांना देऊन टाकले. विजापूरच्या गादीवर हक्क सांगणारा एक राजपुत्र तेव्हा पोर्तुगीजांच्या आश्रयाला होता आणि त्याच्यापासून सुटका करून घेण्याची ही किंमत होती. तेव्हापासून रायतूरच्या किल्ल्यात पोर्तुगीज कप्तान बसू लागला आणि साष्टीचा कारभार त्याच्या हुकमाने चालू लागला.

धर्मप्रसारासाठी बारदेस फ्रान्सिस्कन पंथाकडे आणि साष्टी जेझुइटांकडे सोपवण्यात आली. पहिली काही वर्षे काम सावकाश चालले, कारण साष्टीची गावे आपापल्या देवळांभोवती घट्ट बांधलेली होती. गावकारी ही इथली जुनी संस्था. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचे पुरुष, म्हणजे गावकार, सामाईक जमीन राखत. खाजन शेतांचे बांध आणि भरती-ओहोटीचे पाणी आवरणारी मानशी यांची डागडुजी करत, शेते लिलावाने कसायला देत आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा देवळाला लावत. पुजारी, वाजंत्री, देवदासी, सुतार, कुंभार अशा सगळ्यांच्या जमिनी देवळाच्या सेवेशी जोडलेल्या होत्या. त्यामुळे देवळावर घाव घातला की गावाची सगळी घडी विस्कटते, हे राज्यकर्त्यांच्या लवकरच ध्यानात आले.

तो घाव घातला दियोगु रोद्रिगिश या रायतूरच्या कप्तानाने. जेझुइट इतिहासकार फ्रांसिस्कु द सौझा याच्या १७१० साली लिस्बनला छापलेल्या ग्रंथात ही हकीगत आली आहे. रायतूरशेजारच्या लोटली गावच्या गावकारांनी कप्तानाची आज्ञा मानली नाही. शिक्षा म्हणून घरे जाळण्याऐवजी त्याने गावचे मुख्य देऊळ जाळले. गावकार गप्प बसले नाहीत. त्यांनी गोव्याच्या न्यायालयात दाद मागितली आणि देऊळ पुन्हा बांधून द्यावे असा निकालही मिळवला. पोर्तुगीज अंमलात एका हिंदू गावाने कप्तानाविरुद्ध मिळवलेला हा निकाल खरोखर विलक्षण होता, पण तो टिकला नाही. आर्चबिशप आणि जेझुइटांचा प्रमुख यांनी व्हाइसरॉय आंतांव द नोरोन्यापुढे हरकत घेतली. निकाल फिरला आणि उलट साष्टीतली सगळीच देवळे पाडण्याची मुभा कप्तानाला मिळाली. १५६७ साली साष्टीत २८० देवळे पाडली गेली, असा आकडा जेझुइट साधनांच्या आधारे दिला जातो.

ज्या गावांना वेळ मिळाला त्यांनी मूर्ती आधीच हलवल्या. होडीत घालून, रात्रीच्या अंधारात नदीपार, अशाच आठवणी त्या त्या देवस्थानांच्या परंपरेत आहेत. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला, मडगावचा दामोदर जांबावलीला. रायतूरला लागूनच असलेल्या राय गावची कामाक्षी समोरच्या तीरावर शिरोड्याला जाऊन राहिली. आज फोंडा तालुक्यात देवळांची जी दाटी दिसते आणि महाराष्ट्रातून कुलदैवताच्या दर्शनाला जाणारी हजारो कुटुंबे जिथे उतरतात, तिचे मूळ या काही वर्षांत आहे. प्रियोळला किंवा कवळ्याला जाणाऱ्या भाविकाला रायतूरचे नाव सहसा ठाऊक नसते, पण त्याच्या कुलदैवताला घर सोडावे लागले त्या कथेत हे नाव येतेच.

रायतूरचे चर्च याच काळातले. १५६५च्या सुमारास साष्टीत पहिली चर्चे उभी राहिली. रायतूरचे चर्च सुरुवातीला मातीच्या भिंतींचे आणि गवताने शाकारलेले होते. त्याची पक्की इमारत सोळाव्या शतकातच झाली. ते ‘नॉस्सा सेन्योरा दास नेव्हेस’, म्हणजे हिमवर्षावाच्या मातेला वाहिलेले आहे. झुआरीकाठच्या दमट गावाला बर्फाचे नाव कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर रोममध्ये सापडते. चौथ्या शतकात ऐन ऑगस्टच्या उन्हाळ्यात रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर रात्रीत बर्फ पडले आणि जिथे पडले तिथे मारियेचे मंदिर बांधावे असा दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका आहे. तिथल्या सांता मारिया माज्जोरे या महामंदिराशी ती जोडलेली आहे. या मातेचा सण ५ ऑगस्टला येतो. रोममध्ये तेव्हा कडक ऊन असते. साष्टीत मात्र तेव्हा श्रावणाच्या सरी पडत असतात आणि भात पोटरीत येऊ लागलेले असते.

दियोगु रोद्रिगिश १५७७ साली मरण पावला आणि याच चर्चमध्ये पुरला गेला. गोव्यातल्या जुन्या चर्चांमध्ये प्रतिष्ठितांना जमिनीखालीच पुरत आणि वर लेख कोरलेली शिळा बसवत. कप्तानाच्या शिळेवरचा पोर्तुगीज लेख थोडक्यात त्याचे नाव सांगतो, तो या किल्ल्याचा कप्तान होता हे सांगतो आणि या मुलखातली देवळे त्याने पाडली हेही सांगतो. त्याने लढलेल्या लढाया, त्याचे घराणे, त्याचे दानधर्म, यातले काहीच त्याच्या लोकांना नोंदवण्याजोगे वाटले नाही. आयुष्यभराची कमाई म्हणून एकच काम दगडावर गेले. त्या काळाची मनोवृत्ती समजून घेण्यासाठी हा काही ओळींचा लेख कित्येक ग्रंथांहून अधिक उपयोगी आहे.

पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. गावकारी मोडली नाही. तिचे नाव ‘कोमुनिदाद’ झाले आणि तिच्या खर्चाच्या यादीत देवळाच्या जागी ‘इगर्ज’, म्हणजे चर्च, आले. बाटलेल्या गावकारांचे मानपान देवळातून उठून चर्चच्या ‘कोंफ्राद’ या मंडळात गेले. सणाच्या मिरवणुकीत पुढे कोण चालणार, तांबडा झगा कोण घालणार, यावरचे हक्क त्याच घराण्यांकडे राहिले. पूर्वी जे पालखीच्या मानावरून भांडत, ते आता फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मानावरून भांडू लागले. धर्म बदलला तरी गावाचा सांगाडा जुनाच राहिला, आणि गोव्यातले ख्रिस्ती गाव ओळखायचे तर ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते.

सगळी गावे मात्र नमली नाहीत. साष्टीच्या दक्षिण टोकाच्या कुंकळ्ळीने सारा देण्याचे नाकारले आणि देवळे पाडली की पुन्हा उभारली. जुलै १५८३ मध्ये जेझुइटांची एक तुकडी चर्चसाठी जागा पाहायला आणि क्रूस उभारायला तिथे गेली. गावकऱ्यांनी हल्ला करून पाच जेझुइटांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती लोकांना ठार केले. या पाचांत रोदोल्फो आक्वाव्हिव्हा हा इटालियन पाद्री होता. फत्तेपूर सिक्रीत अकबराच्या दरबारी गेलेल्या पहिल्या जेझुइट मंडळाचा तो प्रमुख होता. तीन वर्षे त्याने बादशहासमोर मुल्लांशी आणि पंडितांशी वादविवाद केले आणि तिथून परतून काही महिने होतात न होतात तोच तो कुंकळ्ळीत मारला गेला. त्याच्याच बरोबर मारला गेलेला पीएत्रो बेर्नो याने त्या भागातली देवळे उद्ध्वस्त करण्यात पुढाकार घेतला होता, आणि गावाचा रोष विशेषतः त्याच्यावर होता.

पाचांचे मृतदेह रायतूरला आणून याच चर्चमध्ये पुरले गेले. काही वर्षे देवळे पाडणारा कप्तान आणि त्या पाडापाडीच्या संतापात जीव गमावलेले पाद्री एकाच छपराखाली होते. १५९७ मध्ये पाद्र्यांचे अवशेष गोवा शहरातल्या सेंट पॉल कॉलेजात नेण्यात आले आणि १८६२ मध्ये तिथून जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये. १८९३ साली पोप तेरावा लिओ याने या पाचांना ‘धन्य’ घोषित केले. कुंकळ्ळीच्या वाट्याला मात्र वेगळाच शेवट आला. बोलणी करायची म्हणून सोळा प्रमुख गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले गेले आणि तिथे त्यांची कत्तल झाली. एक जण साळ नदीत उडी टाकून निसटला, असे परंपरा सांगते. त्या गावकारांचेही स्मारक आता कुंकळ्ळीत आहे. पाद्र्यांच्या स्मृतीला तीन शतके मान मिळत राहिला. गावकारांना तो मिळायला पोर्तुगीज सत्ता जावी लागली.

कुंकळ्ळीतून ते मृतदेह परत आणण्याच्या कामात एक इंग्रज जेझुइट होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमधल्या विल्टशरचा हा तरुण कॅथलिक असल्यामुळे त्याला मायदेशात राहणे अवघड होते. तो रोमला गेला, जेझुइट झाला आणि लिस्बनहून जहाजाने निघून ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. तेव्हा त्याचे वय तिशीच्या आसपास होते. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, तो बहुतेक काळ साष्टीतच राहिला. त्याने वडिलांना लिहिलेले प्रवासवर्णनाचे पत्र हक्लूतच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले. आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते भावाला २४ ऑक्टोबर १५८३ रोजी लिहिलेले पत्र. कुंकळ्ळीचे रक्त वाळून जेमतेम तीन महिने झाले होते. त्या पत्रात तो इथल्या भाषांविषयी लिहितो की त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या नात्याविषयीचे आपले भाषण केले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. साष्टीतल्या शेतकऱ्यांचे बोलणे कान देऊन ऐकणाऱ्या एका पाद्र्याला ती खूण आधीच दिसली होती.

जेझुइटांचे साष्टीतले कॉलेज सुरुवातीला मडगावला होते. मडगाव उघड्यावर होते आणि विजापूरकरांच्या स्वाऱ्यांत ते पुन्हा पुन्हा जाळले जाई. शेवटी किल्ल्याच्या आधाराला रायतूरच्या टेकडीवर जागा ठरली आणि १ नोव्हेंबर १६०६ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, नव्या इमारतीचा पाया घातला गेला. कॉलेजला नावही सर्व संतांचेच मिळाले. पुढे ते जेझुइटांचा संस्थापक संत इग्नेशियस याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कॉलेजात नव्याने आलेले पाद्री इथली भाषा शिकत. भाषा येत नसेल तर गावचा कारभार मिळणार नाही, असा सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या धर्मसभेचा दंडक होता. याच कॉलेजात छापखाना बसला.

गोव्यात छापखाना आला १५५६ साली, आणि तो हिंदुस्थानातला पहिला होता. रायतूरच्या छापखान्यातून १६१६ मध्ये स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ बाहेर पडले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या निर्मितीपासून येशूच्या आगमनाच्या भाकितांपर्यंतची कथा येते आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र. अध्यायांना स्टीफन्स ‘अवस्वरू’ म्हणतो. पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू आहेत. प्रास्ताविकातली चौकट लक्षात राहण्याजोगी आहे. रविवारी दोत्रीन, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग, चालू असताना नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय? हा प्रश्न खरोखर कोणी विचारला असेल किंवा कवीने योजला असेल, पण तो साष्टीतल्या एका पिढीच्या मनातला आहे. पोथी काढून घेतली तरी पोथी ऐकण्याची सवय काढून घेता येत नाही. स्टीफन्सने हे ओळखले आणि ओवीच निवडली.

त्याने निवडलेली भाषाही विचार करायला लावते. साष्टीत घराघरांत कोंकणी बोलली जात होती आणि ती स्टीफन्सला उत्तम येत होती. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक त्याने कोंकणीत लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरला छापले गेले आणि कोंकणीतले पहिले छापील पुस्तक म्हणून ओळखले जाते. त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण दियोगु रिबैरो या दुसऱ्या जेझुइटाने वाढवले आणि तेही १६४० मध्ये रायतूरलाच छापले गेले. पुराण मात्र त्याने मराठीत रचले, कारण गोव्यात कथाकीर्तनाची आणि पोथीची भाषा मराठीच होती. १५२६ साली कृष्णदास शामाने साष्टीतच कृष्णचरित्र रचले तेही मराठीत. लोक जी भाषा देवाच्या कथेसाठी मानाने वापरत होते, तीच त्याने घेतली. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले, मुक्तीला ‘मोक्ष’. कोंकणी शब्द आणि ख्रिस्ती संज्ञाही मधून मधून येऊ दिल्या. पहिल्या भागाच्या आरंभी त्याने मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. ती लिहिणारा हात विल्टशरचा होता आणि ती छापली गेली रायतूरच्या टेकडीवर, हे मात्र क्वचितच कोणी मुलांना सांगतो.

‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. यामागे स्टीफन्सची नावड नव्हती, खिळ्यांची अडचण होती. १६०८ मध्ये त्याने रोममधल्या आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून इथल्या लिपीत पुस्तक छापण्याची इच्छा कळवली होती. अक्षरागणिक वेगळा साचा धरला तर सुमारे सहाशे साचे लागतील, पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही त्याने मांडला होता. जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या या सगळ्यांचे काय करायचे हे कोडे त्याने कागदावर सोडवून पाहिले होते. खिळे कधी ओतले गेले नाहीत. मराठी मजकूर पोर्तुगीज वर्णोच्चाराच्या रोमन अक्षरांत बसवावा लागला, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात कोंकणी रोमन लिपीत लिहिण्याचा जो प्रघात आजही आहे, त्याची सुरुवात या छापखान्यांत आहे.

ग्रंथाच्या पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये दोन आवृत्त्या निघाल्या. या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज जगात कुठे असल्याचे ठाऊक नाही.

१६८३च्या डिसेंबरात संभाजीराजांच्या फौजा साष्टी आणि बारदेसमध्ये शिरल्या. मडगाव पडले, गावेच्या गावे ओस पडली आणि रायतूरच्या किल्ल्याला वेढा पडला. गोवा शहरात इतका हाहाकार उडाला की व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड तिथे ठेवला. औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठ्या फौजेसह कोकणात उतरत असल्याची खबर आली तसे मराठे मागे वळले आणि पोर्तुगीज वाचले. रायतूरचा किल्ला टिकला, पण खिळखिळा झाला होता. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने त्याची दुरुस्ती करवली. संभाजीच्या वेढ्यानंतर १६८४ मध्ये किल्ला पुन्हा बांधून काढल्याची नोंद करणारा लेख दरवाज्यावर आहे. कमानीखालून जाणाऱ्या मराठी माणसाने मान वर करून पाहावे असा तो दगड आहे. शत्रूने आपल्याच दारावर कोरून ठेवलेली मराठ्यांच्या स्वारीची ही पावती आहे.

त्याच वर्षी २७ जून रोजी याच व्हाइसरॉयने आणखी एक हुकूम काढला. साष्टी, बारदेस आणि गोवा बेटातल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी; त्यासाठी तीन वर्षांची मुदत. मुलखाच्या भाषेत पाद्र्यांनी तरबेज व्हावे, असा सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा नियम होता. शतक संपता संपता लोकांनीच भाषा बदलावी असे ठरले. किल्ल्याचे तट दुरुस्त करणारा आणि भाषेवर बंदी घालणारा माणूस एकच होता, आणि त्या दोन्ही कामांमागची भीतीही एकच असावी. कोंकणी-मराठी बोलणारा साष्टीचा माणूस नदीपलीकडच्या फौजेला आपला मानेल, ही ती भीती. हुकूम अमलात येणे शक्यच नव्हते; माणसे घरात आईच्या भाषेतच बोलत राहिली. पण छापील पुस्तकांचा ओघ मात्र आटला. रायतूरच्या छापखान्याचा आवाज त्याआधीच थांबला होता, आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षे गोव्यात छपाई जवळपास नव्हतीच.

‘क्रिस्तपुराण’ जगले ते हस्तलिखितांत. स्वाऱ्या, दुष्काळ आणि इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा जाच यांना कंटाळून साष्टीची आणि बारदेसची कित्येक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कानडा मुलखात गेली. त्यांनी पोथी बरोबर नेली आणि उपवासकाळात तिचे गायन चालू ठेवले. त्यामुळेच हा ग्रंथ पुन्हा छापला गेला तो गोव्यात नव्हे, मंगळुरात: १९०७ साली सालढाणा यांनी तिथल्या हस्तलिखितांवरून रोमन लिपीतली आवृत्ती सिद्ध केली. देवनागरी लिपीतली एक जुनी प्रत विल्यम मार्स्डेनच्या संग्रहातून लंडनच्या विद्यापीठीय ग्रंथालयात पोचली होती. ती अभ्यासकांच्या नजरेला आल्यावर स्टीफन्सच्या मराठीचे मोल नव्याने कळले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली. छापून झाल्यावर तीनशे चाळीस वर्षांनी हा ग्रंथ मराठी वाचकाला त्याच्या स्वतःच्या लिपीत वाचायला मिळाला.

१७३९ मध्ये मराठे पुन्हा साष्टीत आले. चिमाजी आप्पा वसईला लढत होते आणि गोव्याकडून वसईला मदत जाऊ नये म्हणून इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे साष्टीत उतरले होते. मडगाव घेतले गेले, रायतूरला पुन्हा वेढा पडला आणि पोर्तुगीजांना पैसे मोजून तह करावा लागला. १७६३ मध्ये पोर्तुगीजांनी फोंडा घेतला तेव्हा झुआरी ही सरहद्द राहिली नाही आणि रायतूरच्या किल्ल्याला राखण्याजोगे काही उरले नाही. त्यानंतर त्याचे दगड हळूहळू निखळत गेले.

कॉलेजचे नशीब निराळे निघाले. १७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्किस द पोंबाल याने जेझुइटांना हद्दपार केले तशी रायतूरची इमारत रिकामी झाली. दोन-तीन वर्षांतच तिथे धर्मप्रांताची सेमिनरी उघडली, आणि ती आजही चालू आहे. गोव्याच्या पाद्र्यांच्या कित्येक पिढ्या इथून बाहेर पडल्या. सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गाद (१८५५–१९२२) याच सेमिनरीत शिकले. १८९३ मध्ये त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश प्रसिद्ध झाला आणि पुढे पोर्तुगीजमधल्या आशियाई शब्दांचा त्यांचा मोठा कोश निघाला. ज्या भाषेला व्हाइसरॉयने तीन वर्षांची मुदत दिली होती, तिचा शब्दसंग्रह रायतूरच्याच विद्यार्थ्याने केला. फादर आग्नेल द सौझा १९१८ पासून इथे विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. १९२७ मध्ये ते इथेच वारले. गोव्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाच्या शाळा सर्वांच्या परिचयाच्या आहेत.

सेमिनरीची इमारत अंगणाभोवती चौफेर बांधलेली आहे. जांभ्याच्या जाड भिंती, वर चुन्याचा गिलावा, लांबच लांब ओसऱ्या, आणि अंगणाखाली पावसाचे पाणी साठवणारे मोठे टाके. वेढा पडला तर आतल्यांना पाणी पुरावे, ही बांधणाऱ्यांची दृष्टी त्यात दिसते. सेमिनरीला लागून संत इग्नेशियसचे स्वतंत्र चर्च आहे, तिथे सोनेरी मुलाम्याची लाकडी वेदी आहे आणि १७८२ मध्ये रोमहून आणलेले संत कॉन्स्तांसियुस या हुतात्म्याचे अवशेष आहेत. १९९४ मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय या इमारतीत सुरू झाले; २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात हलले. ही सेमिनरी चालती संस्था असल्यामुळे पाहुण्याला आत फिरण्यासाठी परवानगी घ्यावी लागते.

गावच्या चर्चला असा बडेजाव नाही. पाहुणे बहुधा सेमिनरी पाहून परत फिरतात, आणि चर्चच्या आतल्या फरशीकडे वाकून पाहणारे थोडेच असतात. आत शिरताना चपलांखाली येणाऱ्या शिळांवरच सोळाव्या-सतराव्या शतकांची अक्षरे आहेत. काही पावलांनी झिजून गेली आहेत, काही बोट फिरवले की लागतात.

हिमवर्षावाच्या मातेचा सण खऱ्या थाटात होतो तो शेजारच्या राय गावात. तिथल्या चर्चचेही नाव तेच आहे. ५ ऑगस्टला तिथे कणसांचे फेस्त असते आणि गोव्यातल्या कणसफेस्तांची सुरुवात तिथून होते, असे मानतात. पाद्री आणि गावकार वाजतगाजत शेतात जातात, विळ्याने भाताची पहिली कणसे कापतात, ती आशीर्वादून मिरवणुकीने चर्चमध्ये आणतात आणि वेदीवर ठेवतात. मग ती घराघरांत वाटली जातात. गोव्यातली हिंदू घरे चवथीच्या दिवसांत ‘नवे’ साजरे करतात तेव्हा ती हेच करतात: कोवळी कणसे घरात आणून पुजतात आणि दारावर बांधतात. राय गावची कामाक्षी ज्या नदीतून पलीकडे गेली, त्या नदीवर रायतूरजवळून शिरोड्याला जायला फेरीबोट असते. नदी ओलांडायला थोडी मिनिटे लागतात, आणि शिरोड्याच्या देवळात साष्टीतले मूळ महाजन आजही आपला मान राखून आहेत.